तामोरेकाकांचं लॉगिन

आमच्या कंट्रोल रूममधला टॅब उघडला की वरच्या कोपऱ्यात छोट्या गोलात "ना" हे अक्षर येतं आणि त्यावर बोट ठेवलं की नाव येतं, नारायण तामोरे. माणूस रिटायर होऊन घरी बसला, तरी ते नाव काढून टाकायचं कोणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण माझा धीर झाला नाही. ते नाव दिसलं की अजून मी पटकन दुसरीकडे बघते, आणि का बघते तेच सांगायला बसलेय.

मी वैशाली घरत. गाव मासवण, पण नोकरीसाठी सालवडला खोली घेऊन राहते. तारापूरच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये केमिस्ट आहे. माझं तोंड किती चालतं ते आमच्या कँटीनच्या ठेकेदाराला विचारा. डाळीत मीठ कमी पडलं तरी मी त्याला वाटीसकट बाहेर बोलावून घेते. हे आधीच सांगून ठेवते, कारण हेच तोंड नेमकं जिथे उघडायला हवं होतं तिथे बंद राहिलं.

तामोरेकाका आमच्या युटिलिटीचे शिफ्ट इन्चार्ज होते. युटिलिटी म्हणजे वाफ, पाणी, हवा. हे बंद पडल्याशिवाय कोणाला त्याची आठवण होत नाही. कुठल्याही फिटरला कुठलाही पाइप उघडायचा असला की आधी काकांकडून परमिट घ्यायचं. ती लाइन बंद केलीय, आतली वाफ काढून टाकलीय, पाइपाच्या चावीवर, म्हणजे वालवर, टॅग लावलाय, एवढं बघून काका सही करायचे. त्यांच्या सहीशिवाय प्लांटमध्ये एक नट ढिला होत नसे.

दिसायला बुटके, काळेसावळे, चष्म्याला जाळ्याच्या हिरव्या नायलॉनची दोरी. चिंचणीच्या पुढे समुद्राला लागून जी मच्छीमारांची गावं आहेत त्यातल्या एका गावातले. डब्यात रोज सुके बोंबील नाहीतर सोडे, त्यामुळे काका जेवायला बसले हे अख्ख्या मजल्याला कळायचं. दाराजवळची एक खुर्ची त्यांची ठरलेली. त्या खुर्चीवरून ते कोणासाठी म्हणजे कोणासाठी उठायचे नाहीत. प्लांट हेड साहेब स्वतः आले तरी बसल्या जागेवरून, "बोला साएब." मी एकदा म्हटलं, काका, निदान साहेबांसाठी तरी उठावं माणसानं. तर म्हणाले, "गो, उबा बोटीवर रावाचा असते. हितं बसूनच काम हाय." साहेबांनाही त्याची सवय झाली होती.

आणि त्यांच्या प्रत्येक वस्तूवर खूण. खुर्चीच्या पाठीवर, चहाच्या मगावर, हेल्मेटवर, टॉर्चवर, अगदी कंट्रोल रूमच्या झाडूवरसुद्धा ऑइलपेंटनं लाल-पांढरा-लाल असे तीन पट्टे. ही त्यांच्या घरच्या बोटीची खूण. समुद्रात जाळं टाकलं की वर तरंगायला बोये असतात ना, त्या बोयांवर प्रत्येक घर आपापल्या रंगाचे पट्टे मारतं. जाळं वाहून गेलं तर ज्याला सापडेल तो पट्टे बघून घरी आणून देतो. आणि ते जाळं कोणाच्या पंख्यात अडकून बोट बंद पडली, तरी पट्टे बघूनच दारात भांडायला येतात. तेव्हा घरातला कोण जाळं सोडायला गेला होता, हे कोणी विचारत नाही.

ह्या माणसानं आमच्या प्लांटमध्ये ऑनलाइन शीट आणलं, हा मला बसलेला पहिला धक्का.

झालं असं, की परमिटचं रजिस्टर कागदी होतं, आणि ते ठेवलेलं असायचं वाफेच्या गळक्या पाइपाशेजारी. एक दिवस उघडलं तर पानं एकमेकांना चिकटून त्याचा पापड झालेला. सॉफ्टवेअर घ्या म्हणून सेफ्टीवाल्यांनी वर्षभर आधीपासून अर्ज दिलेला. त्यावर साहेबांचं ठरलेलं उत्तर होतं, कोटेशन मागवलंय. मी लॅबमधून तावातावानं भांडायला आले, की तुमचं रजिस्टर नाही म्हणून माझी सॅम्पल्स अडकलीत. बघते तर काका टॅब मांडीवर घेऊन एका बोटानं काहीतरी रंगवत बसलेले. डावीकडे लाइनींची नावं. पुढे लाल, हिरवे चौकोन.

"हे काय काका?"

"शीट हाय. फुकट हाय. वाल बंद झाला की हिरवा करायचा. चालू हाय तवर लाल."

मी तर थक्कच झाले. म्हटलं, हे तुम्हाला शिकवलं कोणी?

"शिकवायचा काय त्यात? गावात वारा सुटला की आमी ह्येच करतो. सोसायटीनं शीट केलाय, त्यात समद्या बोटींची नावा. बोट बंदरात आली की घरची बाय मोबाइलवर हिरवा करते. जी लाल रायली ती अजून भायेर हाय. हितं पन तोच हिशोब. लाल म्हंजे अजून भायेर."

मी एम.एस्सी. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. मला हे सुचलं नव्हतं. मी बघतच राहिले आणि माझी सॅम्पल्स विसरले.

मग काकांना फुकटच्या गोष्टींचा नादच लागला. सोमवारची सेफ्टी मीटिंग त्यांनी व्हिडिओ कॉलवर नेली, म्हणजे शिफ्टवरच्या माणसाला जागा सोडून यायला नको. तो फुकटातला कॉल चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडायचा. साहेब बोलायला लागले की तासाच्या आत थांबायचे नाहीत, हे सगळ्या प्लांटला माहीत. पहिल्याच सोमवारी साहेब "आणि आता मुख्य मुद्दा" म्हणाले आणि स्क्रीन काळी. साहेबांनी विचारलं, पैसे भरून मोठा कॉल घेता येत नाही का? काका म्हणाले, "येते साएब, पन मी काय सांगतो, ह्योच बरा हाय." मला हसू आवरेना, मी सॅम्पलची बाटली घेऊन बाहेर पळाले.

आणि ती हळद. देवा रे! शीट होतं काकांच्या स्वतःच्या खात्यावर, ज्या खात्यावर त्यांचे मेल, नातेवाइकांचे फोटो, सगळं काही. एका सकाळी शीटमध्ये काही लिहिता येईना. जागा संपली म्हणे. कारण काय, तर आदल्या दिवशी पुतण्याची हळद झाली होती आणि तिचे सगळे व्हिडिओ काकांच्या खात्यात जाऊन पडले होते. अख्ख्या प्लांटची परमिटं पुतण्याच्या हळदीवर अडली! शेवटी साहेब स्वतः कंट्रोल रूममध्ये उभे, मागे तीन ऑपरेटर, आणि काका एकेक फोटो दाखवून विचारतायत, ह्यो ठेवू का ह्यो? साहेब म्हणाले, "अहो तामोरे, त्या बाईचे डोळे मिटलेत, तो उडवा." काका म्हणाले, "ती माजी बायको हाय साएब." तो फोटो ठेवला गेला आणि बँडवाल्यांचे सगळे उडाले.

पण ज्यावरून पुढचं सगळं घडलं, ती गोष्ट वेगळीच. आमच्याकडचे निम्मे ऑपरेटर आणि फिटर बाहेरगावचे, हिंदी बोलणारे, ठेक्यावरचे. कोणाला मेल नाही, कोणाला आहे तर पासवर्ड आठवत नाही. मग काकांनी सोपा मार्ग काढला. चार कॉम्प्युटर आणि एक टॅब, सगळ्यांवर स्वतःचंच खातं चालू करून ठेवलं. ज्याला लिहायचं त्यानं यावं, लिहावं, जावं. त्यामुळे शीटमध्ये कोणीही काहीही केलं तरी आत नोंद एकच व्हायची, नारायण तामोरे यांनी बदल केला.

मी काही गप्प बसणारी नव्हते. म्हटलं, "काका, हा शुद्ध वेडेपणा आहे. कोणीही चूक करील आणि ती तुमच्या नावावर जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? उद्या काही झालं तर?"

"बोयावर खून माजी हाय ना? मंग जाला पन माजाच. त्यात काय नवीन हाय?"

"आणि तुमची फ्रेम?"

फ्रेमची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. काकांचे वडील मरेपर्यंत म्हणायचे, हा बोटीवरून पळाला आणि कंपनीत लपला. तर रिटायर होताना कंपनी जे सेवेचं प्रमाणपत्र देते, ज्यात शेवटच्या ओळीत "वर्तणूक निष्कलंक" असं लिहून येतं, ते काकांना बापाच्या फोटोखाली लावायचं होतं. एकतीस वर्षांत एक मेमो नाही, एक ताकीद नाही. बोईसरच्या बाजारातून कागदाचं माप देऊन त्यांनी फ्रेम करून आणली होती आणि रिकामीच भिंतीवर टांगून ठेवली होती. रिटायर व्हायला सात महिने राहिले होते.

"सात मयन्यात काय होते गो?" काका म्हणाले आणि चहा मागवला. चहा हा त्यांचा जीव. वाफाळता कप समोर आला की बाकी जग थांबायचं.

ती गोष्ट घडली पुढच्याच आठवड्यात, मंगळवारी. सकाळी काका आणि सेफ्टी ऑफिसर गेटजवळ फायर हायड्रंटची टेस्ट घ्यायला गेले होते. मला कंट्रोल रूममध्ये एका लाइनचा नंबर शोधायचा होता. शीट मोठं झालं होतं, दीडेकशे ओळी. कोण खालीवर शोधत बसणार? मी लाइनींच्या नावांचा रकाना निवडला आणि क्रमानं लावून टाकला. सॉर्ट. माझी लाइन लगेच सापडली. ती मी वहीत उतरवून घेत होते, तेवढ्यात काका परत आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "काय गो, घावला काय?"

"सापडलं, सापडलं," म्हटलं. काकांनी स्क्रीनकडे बघितलं, चष्मा काढून शर्टाला पुसला, परत बघितलं. मागून चहावाला आला. काका खुर्चीत बसले, मी लॅबला गेले.

मी काय करून ठेवलं होतं ते मला त्या क्षणी कळलंही नव्हतं. मी फक्त नावांचा रकाना क्रमानं लावला होता. शेजारचे लाल-हिरवे चौकोन जागच्या जागी राहिले होते. म्हणजे नाव एकाचं आणि रंग दुसऱ्याचा. तीन नंबर रिॲक्टरची वाफेची लाइन, जी चालू होती, तिच्यासमोर आता हिरवा आला होता.

पंधरा-वीस मिनिटांत शिवकुमार नावाच्या फिटरनं त्या लाइनीचं काम मागितलं. ऑपरेटरनं शीट बघितलं, हिरवं आहे म्हणून परमिट छापून सहीच्या गठ्ठ्यात टाकलं. त्यावर काकांची सही झाली. वालजवळ जाऊन टॅग बघायची पद्धत होती, पण शीट आल्यापासून जिना उतरायचा सगळ्यांनीच सोडला होता. शिवकुमारनं पाइपाच्या जोडाचे, फ्लँजचे, दोन बोल्ट काढले आणि वाफेसकट उकळतं पाणी त्याच्या हातावर, मानेवर आलं.

ती किंकाळी मी लॅबमध्ये ऐकली. धावत गेले तर शिवकुमार सेफ्टी शॉवरखाली थरथरत उभा, "मम्मी, मम्मी" करत. सव्वीस वर्षांचा माणूस! त्याला उचलून बोईसरला दवाखान्यात नेलं. काका त्याच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये गेले ते संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत. त्यांचा मग टेबलावर तसाच होता, चहा संपलेला.

दोन दिवसांनी चौकशी बसली. मीटिंगच्या खोलीत साहेब, एच.आर.च्या मॅडम, सेफ्टी ऑफिसर, काका, आणि लॅबतर्फे मी. तोपर्यंत मला खरंच काही माहीत नव्हतं. मी उलट तयारीनं गेले होते, की कंपनीनं सॉफ्टवेअर दिलं नाही म्हणून हे झालं, असं तोंडावर सुनवायचं.

परमिटवर सही काकांची होती, पण शीट हिरवं दाखवत असताना ती कोणीही केली असती, म्हणून सगळे शीटमधलीच चूक शोधत होते. एच.आर.च्या मॅडमनी भिंतीवर शीट लावलं आणि त्याची हिस्ट्री उघडली. कोणी, कधी, काय बदललं, सगळं त्यात असतं. मंगळवारच्या यादीत त्या एका ठिकाणी थांबल्या. अकरा वाजून बारा मिनिटं. पहिला रकाना क्रमानं लावला. नारायण तामोरे.

माझी वही समोर उघडी होती आणि तिच्यात माझ्या हातानं लिहिलेला लाइन नंबर होता. मी केलं. शिवकुमारची ती किंकाळी माझी होती.

"पण अकरा बाराला तामोरे माझ्याबरोबर हायड्रंटला होते," सेफ्टी ऑफिसर म्हणाला.

"मग कंट्रोल रूममध्ये कोण होतं?" साहेबांनी टेबलाभोवतीच्या सगळ्यांकडे बघितलं. "कोणाला माहिती आहे का?"

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. बोल ना भवाने! मिठावरून भांडतेस, बोल! मी वही मिटून मांडीवर घेतली. त्याच आठवड्यात माझं कायम करण्याचं पत्र यायचं होतं, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. लाज वाटते सांगायला, पण तेच दिसत होतं.

"साएब," काका बसल्या जागेवरून म्हणाले, "नाव कोनाचा हाय त्यात?"

"तुमचं आहे. पण तुम्ही तर—"

"मंग माजा लिवा."

"तामोरे, तुमचे सात महिने राहिलेत. जरा विचार करा. मेमो निघेल."

"इचार क्येला. लिवा."

सगळ्यांना कळत होतं की हे खरं नाही, आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं. मेमो निघाला. काकांना परमिटवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. मी बाहेर जिन्यात त्यांना गाठलं. "काका, ते मी—"

"शिवकुमारला दवाखान्यात डबा कोन नेते?" त्यांनी माझं बोलणं मध्येच तोडलं. "त्याचा हितं कोन नाय. तू न्ये."

मी नेला. तीन आठवडे, रोज दोन वेळा. शिवकुमार "दीदी, आप क्यों तकलीफ करती हैं" म्हणायचा आणि मी तोंड फिरवून डबा उघडायची. त्याच्या उजव्या हाताला बँडेज होतं म्हणून मीच त्याच्या मोबाइलवर त्याला मेलचं खातं उघडून दिलं. बरा होऊन आल्यावर त्याला परमिटच्या टेबलावर हलकं काम मिळालं. आता तो शीट भरतो. आणि आधी जिना उतरून टॅग बघून येतो, मगच हिरवं करतो.

प्लांटमध्ये मात्र काकांचा देव झाला. ठेक्यावरची पोरं स्टोअरच्या दारातून जाताना हात जोडायची. "चाचा ने किसी को बचाया," असं सगळे बोलायचे, कोणाला ते मात्र कोणी विचारत नव्हतं. शिवकुमार तर एकदा सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडला. काका एकदम पाय मागे घेऊन खेकसले, "सोड रे, सोड." मला ते फार आठवतं. मी मनात म्हटलं, केवढा मोठा माणूस, आणि मी केवढी क्षुद्र. माझं कायम केल्याचं पत्र आलं. मी घेतलं.

काका रिटायर झाले त्या दिवशी प्रमाणपत्र दिलं, त्यावर वर्तणुकीसमोर "समाधानकारक" एवढंच होतं. काकांनी ते घडी करून डब्याच्या पिशवीत घातलं आणि बोंबलाच्या वासासकट घरी गेले.

पण नाव राहिलं ना! रोज, प्रत्येक शिफ्टला, कोणीतरी काहीतरी हिरवं करायचं आणि आत नोंद पडायची, नारायण तामोरे यांनी बदल केला. घरी बसलेल्या माणसाचं नाव आम्ही राबवत होतो. एका दुपारी मी माझा रिपोर्ट बघायला ती हिस्ट्री उघडली आणि ते नाव एकाखाली एक, एकाखाली एक, पानभर बघितलं. मला सहनच होईना. मी टॅबवरून काकांचं खातं बाजूला केलं, माझं उघडलं, आणि तीन नंबरच्या वाफेच्या ओळीवर कमेंट टाकली. सगळ्यांना त्यात जोडलं, साहेब, एच.आर., सेफ्टी, शिवकुमार, काका. लिहिलं, "त्या मंगळवारी अकरा बाराला हा रकाना मी सॉर्ट केला होता. तामोरेकाकांचा काही दोष नाही. वैशाली घरत." बटण दाबलं.

एक मिनिट झालं नसेल, माझ्या डोळ्यांदेखत कमेंट नाहीशी झाली. विषय संपला अशी खूण करून कोणीतरी ती बंद केली होती. नारायण तामोरे यांनी.

"कोणी केलं रे हे?" मी कंट्रोल रूममध्ये अशी ओरडले की दोन ऑपरेटर उभेच राहिले. "किसने हाथ लगाया?" कोणीच लावला नव्हता. सगळे कॉम्प्युटर माझ्यासमोर होते. म्हणजे हे ते नाव नव्हतं, हे खुद्द काका होते, घरी बसून.

मी अर्धी रजा टाकली आणि स्कूटी काढली. राग डोक्यात मावत नव्हता. एवढं सगळं केल्यावर आता मला खरंसुद्धा बोलू देत नाहीत? असलं कसलं ते मोठेपण!

घरी काकी म्हणाल्या, ते किनाऱ्यावर हायत. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता आणि त्याखाली फ्रेम रिकामी होती. मी मागच्या दारानं वाळूत उतरले. काका एका पालथ्या टोपलीवर बसून बोयांना पट्टे मारत होते. फोन चपलेवर ठेवलेला.

"काका! ती कमेंट तुम्ही बंद केलीत?"

"क्येली."

"का? मला किती त्रास झाला ती लिहायला, कल्पना आहे तुम्हाला?"

"अर्दा लिवलास."

"अर्धं? नाव लिहिलं, वेळ लिहिली, काय केलं ते लिहिलं. अजून काय राहिलं?"

"माजा रायला." त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "तू लिवलास, तामोरेकाकांचा दोष नाय. तुला काय वाटला गो, मी तुला वाचवला?"

मला तेच वाटलं होतं. इतके महिने दुसरं काही वाटलंच नव्हतं.

"हायड्रंटवरून आलो तवा तुज्या खांद्यावरून मी पायला. तीन नंबरची वाफ हिरवी. सकाळी ती मी बंद क्येलीच नवती. मला कळला व्हता. चष्मा पुसून परत पायला, तरी हिरवी. आनि चाय आली." काका समुद्राकडे बघत होते. "बोललो, चाय पिऊन बगतो. चाय पिता पिता परमिटं आली, त्याच्यावर सया पन क्येल्या. न बगता. मंग त्याचा वरडना ऐकला."

चष्मा पुसताना मी त्यांना बघितलं होतं. रिकामा मग बघितला होता. आणि इतके महिने मी ह्या माणसाला देव समजत होते, मीच काय, सगळा प्लांट.

"मग मीटिंगमध्ये का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"माजा लिवा बोललो ना. वाटला, त्यात समदा आला. नाय आला गो. लोक हात जोडाया लागली. तो पोर माज्या पाया पडला. तवापासून जेवान गोड लागत नाय मला. मेमो परवडला, ह्ये नाय परवडत."

त्यांनी बोटं पँटला पुसली, फोन उचलला, बंद केलेली कमेंट परत उघडली आणि माझ्या ओळीखाली एका बोटानं लिहायला लागले. वेळ लागला. अक्षर शोधायचे, लाल रंगाचा डाग काचेवर पडायचा, तो पुसायचे, परत शोधायचे. मी वाकून वाचलं. "मी चूक पाहिली होती. चाय पिऊन बघतो म्हणून बसलो. सही पण केली. नारायण तामोरे."

"काका, शिवकुमारलाही जाईल हे."

"त्यालाच जायाला पायजे."

"आणि खाली नाव कशाला लिहिताय? ते वर आपोआप येतंच की."

"त्ये तर रोजच येते," काका म्हणाले. "ह्यो मी लिवलाय."

त्यांनी बटण दाबलं आणि माझ्या पर्समध्ये माझा फोन वाजला. काकांनी ब्रश उचलला, एका बोयाचा लाल पट्टा पुरा केला. मग त्यांचा फोन वाजायला लागला. काचेवरच्या लाल डागाखाली नाव दिसत होतं, शिवकुमार फिटर. काकांनी ते वाचलं, ब्रश खाली ठेवला, टोपलीवरून उठून नीट उभे राहिले, आणि मग फोन कानाला लावला.